डाव्या दाराचा माणूस

९ जानेवारी २०१८, मंगळवार

बायकोनं, वांडानं, ही वही आणली. ओळी जाड आणि काळ्या आहेत, दोन ओळींत बोटभर अंतर. शाळेतल्या पोरांची असावी. सोबत जाड टोकाचं काळं पेन. म्हणाली, "गाडीचं काय काय केलंस ते लिहून ठेवत जा. म्हणजे दिवसातून चारदा मला विचारणार नाहीस." साधी वही मिळत नव्हती का म्हटलं, तर म्हणे हीच स्वस्तात होती. वांडा स्वस्त म्हणाली की वाद संपला.

मी आठवीपर्यंत शिकलो. सिस्टर लोकांनी बोटांवर पट्ट्या मारून जेवढं अक्षर वळवलं तेवढं वळलं. पुढे हातानं दारंच लावली, अक्षराचं काम पडलं नाही.

तर लिहितो. गाडी डार्ट, १९६६ सालची, चार दारांची. ऑक्टोबरात एका शेतकऱ्याच्या कोठारातून आणली. आत कोंबड्या राहत होत्या. चार दारांची म्हणून परवडली. दोन दारांच्या सगळ्यांना हव्या असतात, आमच्यासारख्यांच्या वाट्याला चार दारं. पण पुढच्या पत्र्यावरच्या पट्टीवर मार्च ६६ आहे आणि आमच्याच शॉपचा, म्हणजे आमच्या गाड्यांच्या कारखान्याचा, आकडा आहे, एझेलनं वाचून दाखवला. मार्च ६६ मध्ये मी लाइनवर होतो. पुढचं डावं, ड्रायव्हरच्या बाजूचं दार लावायचं काम माझं. म्हणजे या गाडीचं ते दार मी लावलेलं आहे. वांडा म्हणते, त्या दिवशी तू सुट्टीवर असशील. मी चौदा वर्षांत सहा सुट्ट्या घेतल्या.

शॉप बंद होऊन अडतीस वर्षं झाली. आम्ही उरलेसुरले दर ऑगस्टात नदीतल्या बेल आइल बेटावर सहलीला जमतो. ज्यांच्याकडे शॉपच्या गाड्या आहेत ते त्या घेऊन बेटाला एक फेरी मारतात आणि बाकीचे गवतावर उभे राहून शिट्ट्या वाजवतात. वीस वर्षं मी शिट्ट्या वाजवल्या. यंदा १८ ऑगस्टला मला माझ्या हातच्या दारातून चढून, माझ्या हातानं चालवत ती फेरी मारायची आहे. मग मेलो तरी चालेल.

मध्ये एक कटकट आहे. १९ जुलैला मी त्र्याहत्तर होतो आणि लायसन्स संपतं. या वेळी स्वतः जाऊन डोळे दाखवावे लागतील.

२२ जानेवारी

गॅरेजमध्ये हीटर लावूनही पाय दगड होतात. जमिनीच्या पत्र्याला गंज. स्क्रू ड्रायव्हर टोचला की आरपार जातो. भंगारातल्या फ्रिजचं दार कापून तुकडे जोडायचे ठरलं. जोडायचं काम एझेलचं, मला ठिणग्या सोसत नाहीत.

एझेल टेट कोण ते लिहायला हवं, वांडा म्हणते वही कोणी वाचली तर कळायला हवं. कोण वाचणार? एझेल उजव्या दाराचा माणूस. लाइनवर गाडी मधून सरकत यायची, डावीकडे मी, उजवीकडे तो. चौदा वर्षं एकमेकांना खिडकीतून पाहिलं. पहिली दोन वर्षं तर बोललोही नाही. तेव्हा या गावात त्याचे काळे लोक आणि आमचे गोरे लोक बोलत नसत. मग एकदा त्यानं माझी पडलेली बिजागरी गाडीतून पलीकडून पुढे केली आणि म्हणाला, "घे, डाव्या." तेव्हापासून मी डाव्या, तो उजव्या.

आम्ही डावीकडचे त्यांना चिडवायचो. आमचं दार चालवणाऱ्याचं, तुमचं बायकांचं. ते म्हणायचे, आमच्या दारातून माणसं राणीसारखी उतरतात, तुमच्या दारातून ड्रायव्हर उतरतात.

३ फेब्रुवारी

नवीन बल्ब आणले. हल्लीचे बल्ब नुसते नावाला. पूर्वी साठचा लावला की सुई दिसायची.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

उद्यापासून ईस्टरआधीचा उपास. आज गावभर बेकऱ्यांपुढे रांगा. एझेल पहाटेपासून उभा राहून पोंचकींचं खोकं घेऊन आला, जॅम आणि आलुबुखारा भरलेले गोड तळलेले गोळे. तो बाप्टिस्ट आहे, त्याला उपास नाही, पण उपासाच्या आदल्या दिवशीच्या खाण्याला तो कधी चुकत नाही.

आणि आजच माझी फजिती व्हायची होती.

आमच्या या गाड्यांची एक खोड आहे. डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे. सगळं जग उजवीकडे फिरवून आवळतं, आम्ही डावीकडे. दर वर्षी एखादा शहाणा उलटा जोर लावून बोल्ट तोडतो आणि आम्ही हसतो. ब्रेकचे ड्रम घासून, रंगवून झाले होते. पुढचं डावं चाक चढवत होतो. नट पहिल्याच आट्याला अडलं. रंग चिकटला असेल म्हणून पान्याला पाइप लावून जोर दिला. काडकन बोल्ट तुटला. दुसऱ्याला दिला, तोही.

एझेल बोटांवरची साखर चाटत वाकला. "डाव्या, हा ड्रम कुठला?"

"डावीकडचा. कुठला म्हणजे?"

"बोल्टाच्या टोकाला लेफ्टचा एल कुठाय?"

"असेल. रंगाखाली गेला असेल."

"एल त्या दुसऱ्या ड्रमवर आहे, चेट. मला इथून दिसतोय. चार फुटांवरून."

मी उजवीकडचा ड्रम डावीकडे चढवला होता. मी! वांडाला सांगू नको म्हटलं. तो म्हणाला, "मी कशाला सांगू?" आणि अजून एक पोंचकी माझ्या हातात ठेवली. बल्बमुळे झालं हे सगळं. सरळ उजेड असता तर लहान पोरालाही एल दिसला असता.

१४ फेब्रुवारी

चर्चमध्ये कपाळाला उपासाची राख लावली. दिवसभर वाईट वाटत राहिलं.

८ मार्च

डाव्या दाराचं आतलं अस्तर काढलं. लाइनवर प्रत्येकाची खूण असायची, ग्रीसच्या पेन्सिलीनं केलेली. माझी फुली, वरच्या बिजागरीच्या आत. फोरमनला दिसू नये अशी. हात घालून चाचपलं पण खूण काही हाताला लागत नाही. टॉर्च धरून पाहिलं, नुसता तपकिरी धूर दिसतो. एझेलला म्हटलं, तू बघ.

त्यानं डोकं आत घातलं. बराच वेळ बाहेर काढेना.  बाहेर आला, चष्मा पुसला, म्हणाला, "आहे रे डाव्या. आहे फुली."

मी बाहेर गल्लीत जाऊन उभा राहिलो. बर्फात. बावन्न वर्षं ती फुली त्या अंधारात होती आणि कोंबड्यांना ठाऊकही नव्हतं.

२० मार्च

वांडा मंगळवारी आणि गुरुवारी शेजारच्या रोकेयाबाईंकडे जायला लागली आहे. रोकेयाबाई बांगलादेशच्या, तीन मुली, नवरा विमानतळावर कामाला. शिवण शिकायला जाते म्हणे. जिनं तीस वर्षं लोकांचे पडदे शिवले ती शिवण शिकायला जाते! मी म्हटलं, त्या तुला काय शिकवणार? म्हणाली, "त्यांची पद्धत वेगळी आहे." दोन तास जाते, येते तेव्हा हातात चिंधी नसते. चेहरा लाल असतो, पायात सपाट बूट असतात. आल्या आल्या पाणी पिते.

या वयात माणसं बदलतात. आईचंही शेवटी असंच झालं होतं. लक्ष ठेवायला हवं.

२ एप्रिल

ईस्टर झाला. सॉसेज, अंडी, लोण्यातून कोरलेलं कोकरू. कोकराचं डोकं दरवर्षी मी कापतो, यंदा वांडानं सुरी काढून घेतली.

जेवण झाल्यावर तिला गॅरेजमध्ये नेऊन खूण दाखवली. तिनं वाकून पाहिलं. "हो, दिसली. छान गोल आहे." मी म्हटलं, गोल कसला, फुली! "हो हो, फुलीच की." बायकांना गोल आणि फुली यांतला फरक कळत नाही.

१९ एप्रिल

आज भांडण.

एझेल भंगारातून नंतरच्या सालच्या गाडीचे पुढचे डिस्क ब्रेक घेऊन आला, सगळ्या सांगाड्यासकट. "दोन बोल्ट तुटलेच आहेत, तर बदलूनच टाकू. पाय नुसता टेकवला की गाडी थांबेल."

"मला ड्रम ब्रेक दाबता येतात. माझ्या पायात जोर आहे."

"तुझ्या पायाचं कोण बोलतंय?"

"मग कोणाच्या?"

तो ब्रेकवरची धूळ झटकायला लागला. वांडा कॉफी घेऊन आली होती, ती म्हणाली, "आणि ते स्टीअरिंग, चेट. ते फार जड आहे ना? ते हलकं होतं का काही करून?"

"तुला काय करायचंय? तुला कुठे फिरवायचंय ते?"

ती एझेलकडे बघायला लागली आणि एझेल छताकडे. मी म्हटलं, तुम्ही दोघं मिळून माझ्या गाडीचा टोस्टर करा. एझेल म्हणाला, "डाव्या, टोस्टरला ब्रेक नसतात." वांडा हसली. मला नाही हसू आलं. ब्रेक बदलले तर डावीकडचे बोल्टही सरळ आट्यांचे होतात. पुढची दोन्ही चाकं सारखी. मग डावं आणि उजवं यांत उरलं काय?

शेवटी हो म्हटलं. दमलो मी. नाही म्हणायलाही ताकद लागते.

५ मे

ब्रेक बसले. एझेलनं खांद्यावरून येणारे पट्टे लावले, दोन्ही सीटला. प्लगला करंट देण्याची नवी पेटी बसवली, आता थंडीतही पहिल्या झटक्यात सुरू होते. इंजिनाचा आवाज ऐकून रडू आलं, पण ते धुरानं असेल.

एक भानगड आहे. पुढची सीट दर दोन दिवसांनी पुढे सरकलेली सापडते. मी माझ्या पायांच्या मापानं मागे लावतो, सकाळी बघावं तर पार स्टीअरिंगला चिकटलेली. वरचा आरसाही खाली कललेला. सीटखालची रूळपट्टी झिजली असणार. खोलून, घासून, खिट्टी नवीन लावली.

८ मे

सीट पुन्हा पुढे. खिट्टी तर घट्ट आहे, तरी पुन्हा बदलली. काही समजत नाही.

२४ मे

डावं दार रंगवून आलं. आज ते बसवायचा दिवस. महिनाभर याच दिवसाची वाट बघत होतो. सकाळी दाढी केली.

बसवलं. मागे येऊन पाहिलं तर दाराची मागची कड वाकडी. मधोमध खपाटीला गेलेल्या पोटासारखी आत गेलेली. बिजागरी सैल करून पुन्हा बसवलं. वाकडी. तिसऱ्यांदा. वाकडी. गॅरेजच्या दाराची चौकटही वाकडी दिसायला लागली. यंदाच्या बर्फानं जमीन उचलली असेल. पातळी बघायची नळी लावली तर एझेल म्हणतो बुडबुडा मधोमध आहे. ती नळीच बिघडली असेल. गल्लीतला विजेचा खांबही वाकला आहे, पालिकेला कळवायला हवं.

सहा वेळा दार काढलं आणि लावलं. मिनिटाला एक दार लावणारा मी. खांदे भरून आले.

३१ मे

अजून वाकडंच.

एझेल दुपारी आला. खोक्यावर बसून माझं बघत होता. मग म्हणाला, "डाव्या, शॉपमध्ये तू कधी दाराकडे बघायचास का?"

"म्हणजे?"

"मी तुला चौदा वर्षं खिडकीतून पाहिलंय. दार लावताना तू माझ्याकडे बघायचास. नाहीतर मागून येणाऱ्या गाडीकडे. दाराकडे कधीच नाही. आताही बघू नको. डोळे मीट आणि लाव."

मला राग आला. पण मिटले. बिजागरीत बोट घातलं, खांद्यानं दार उचललं, अंगठा फटीवरून वरून खाली फिरवला. वर एक अंगठा, मध्ये एक अंगठा, खाली एक अंगठा. बोल्ट आवळले. दार ढकललं.

थप्प.

तोच आवाज. जाड पुस्तक मिटल्यासारखा. एझेलनं टाळी वाजवली.

डोळे उघडले. दार वाकडं.

पुन्हा मिटून अंगठा फिरवला. फट एकसारखी. उघडले की वाकडी. असं किती वेळ केलं कोण जाणे.  माझ्या हातानं आयुष्यात मला कधी फसवलेलं नाही. मग फसवतंय कोण?

वांडाला यातलं काही सांगितलं नाही.

२० जून

झोप लागत नाही. डिसेंबरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे वांडा घेऊन गेली होती. तो माझ्याशी कमी आणि तिच्याशी जास्त बोलला. मला गोळ्या दिल्या आणि म्हणाला, वयानं होतं. वयानं गुडघेही जातात, पण गुडघ्यांचं कोणी लायसन्स काढून घेत नाही.

मागच्या खेपेला मशीनमध्ये कोणती अक्षरं होती ते आठवतोय. आठवत नाहीत. एझेलला विचारलं, तुला आठवतात का? म्हणाला, "ती बदलतात, चेट." मला चेट म्हणतो तेव्हा मला भीती वाटते.

१७ जुलै

वांडा केस करून आली. माझ्या वाढदिवसासाठी, दोन दिवस आधीच! म्हटलं, माझ्यासाठी एवढा खर्च कशाला? ती नुसती हसली.

१९ जुलै, गुरुवार

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण झोप नाही म्हणून लिहितो.

लायसन्सच्या ऑफिसात एझेलनं मला आणि वांडाला सोडलं. खिडकीपाशी एक मुलगी, नम्र. म्हणाली, "कपाळ टेकवा आणि खालची ओळ वाचा, सर." कपाळ टेकवलं. मधोमध काळा डाग. मी म्हटलं, "मुली, तुमच्या काचेला कोणाचा तरी ग्रीसचा अंगठा लागलाय."

तिनं फडकं घेऊन काच पुसली. "आता?"

"अजून आहे."

तिनं पुन्हा पुसली. नीट, वेळ घेऊन. मागे रांग होती तरी तिनं घाई केली नाही. "आता, सर?"

डाग तिथेच. मी मान वर केली. तिच्या तोंडावरही तोच डाग. भिंतीवरच्या घड्याळावर, माझ्या हातावर. जिकडे बघावं तिकडे ग्रीसचा अंगठा.  तिनं एक कागद दिला, डॉक्टरकडून भरून आणा म्हणाली. मी घडी घालून खिशात ठेवला. दोघांनाही कळलं की तो परत यायचा नाही.

"पुढचे कोण?"

"मी," वांडा म्हणाली.

मला वाटलं ती माझ्या कागदाबद्दल काही विचारायला पुढे झाली. तिनं पिशवीतून कागद काढले. जन्माचा दाखला. एक पिवळा कागद, रस्त्यावरची परीक्षा पास झाल्याचा. मुलीनं विचारलं, "पहिल्यांदाच लायसन्स काढताय, मॅडम?" वांडा म्हणाली, "एकाहत्तर वर्षांत पहिल्यांदा." रांगेत कोणी तरी टाळ्या वाजवल्या.

तिनं कपाळ टेकवलं आणि वाचायला लागली. डी. झेड. पी. टी. एल. न अडखळता, दळण दळावं तशी. मी शेजारी उभा. एकेक अक्षर ऐकत होतो.

मग तिचा फोटो काढला. केस त्यासाठी होते.

२ ऑगस्ट

दोन आठवडे वही उघडली नाही. गॅरेजमध्ये गेलो नाही. वांडाशी बोललो नाही, म्हणजे मीठ दे, दार लाव, एवढंच.

आज तीच येऊन समोर बसली. "किती दिवस तोंड फुगवणार आहेस?"

"तू मला फसवलंस."

"हो. फसवलं. डिसेंबरात डॉक्टर म्हणाला, मधलं हळूहळू जाईल, कडेचं राहील. तुला सांगितलं असतं तर तू गाडी विकली असतीस आणि खिडकीत बसून राहिला असतास. तुला मी ओळखत नाही?"

"एझेलला ठाऊक होतं?"

"होतं."

"त्या रोकेयाबाईंना?"

"त्यांनीच शिकवलं. गल्लीतल्या अकरा बायकांना त्यांनी गाडी शिकवली आहे. पार्किंग करताना मला म्हणायच्या, आंटी, घाबरू नका, खांब हलत नाही. आणि शिकाऊ परवाना मिळाल्यावर तुझ्या गाडीत बसून आरसा नि सीट बघून घ्यायचे, म्हणजे पाय पोचतो का ते."

"मी खिट्टी बदलली त्या सीटची! दोनदा!"

"माहीत आहे. हात चिमटला माझा."

"म्हणजे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मलाच नव्हतं."

ती म्हणाली, "तुलाही होतं, चेट."

नंतर एक गोष्ट दिवसभर डोक्यात फिरत राहिली. १९७१ साली मी तिला शॉपच्या मागच्या मैदानात गाडी शिकवायला नेलं होतं. रविवार होता. तिनं क्लच सोडला, गाडी उसळली. मी ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहीत नाही. ती उतरली, दार न लावता, आणि चार मैल चालत घरी गेली. तेव्हापासून ती उजवीकडे बसते. सत्तेचाळीस वर्षं. मी कधी विचारलं नाही आणि ती कधी बोलली नाही. मला वाटत होतं तिला तिथे बसायला आवडतं.

११ ऑगस्ट

गॅरेजमध्ये गेलो. उजवं दार राहिलं होतं. ते मी कधी हातात घेतलेलं नाही, या गाडीचं नाही, कुठल्याच गाडीचं नाही. एझेलला बोलावलं. म्हटलं, तुझं दार, तूच लाव. लावून झाल्यावर विचारलं, "उजव्या, खरं सांग. माझ्या दारात फुली नव्हती ना?"

तो पाना पुसत राहिला. "पेन्सिल कुठल्या रंगाची वापरायचास?"

"पिवळी."

"मग होती."

मी डाव्या दाराच्या वरच्या बिजागरीवरून एकदा बोट फिरवलं.

१७ ऑगस्ट

हात फिरवून गाडी पुसली. वरचा पत्रा अजून तीन ठिकाणी खडबडीत आहे, मागच्या बंपरचं टोक गंजकं, सीटचं कापड वांडानं शिवलेलं पडद्याचं. राहू दे. पैसेही संपले आणि मीही.

उद्या नाही जायचं म्हणून वांडाला सांगणार होतो. ती उद्यासाठी कोबीचे रोल करत होती, गुणगुणत. सांगितलं नाही.

१८ ऑगस्ट, शनिवार

सकाळी सवयीनं डावीकडे गेलो. दार उघडलं. वांडा मागे उभी होती, हातात किल्ली, पायात ते सपाट बूट.  मी दार धरून उभा राहिलो, ती आत बसली, मी दार लावलं. थप्प. मग पुढच्या बंपरवरून हात फिरवत उजवीकडे गेलो.

पुलावर मागून भोंगे वाजले. वांडा ताशी वीस मैलांच्या वर जायला तयार नव्हती. खिडकीतून डोकं काढून म्हणाली, "घाई असेल तर वरून जा!" मी पायानं रिकाम्या जागी ब्रेक दाबत होतो. पुढे बघायचं सोडून दिलं तेव्हा बरं वाटलं. कडेचं दिसतं मला अजून. नदी, गवत, हात हलवणारी माणसं, सगळं कडेकडेनं.

फेरीच्या शेवटी म्हातारे जमले होते. उजवीकडून उतरलो तर एकच ओरडा झाला. "अरे, डाव्या चुकीच्या दारातून उतरला! राणीसारखा!" "ड्रायव्हर ठेवलाय यानं, ड्रायव्हर!" वांडा पलीकडून उतरली, किल्ली बोटावर फिरवत. "पगार देत नाही हो, जेवणावर ठेवलंय." खूप हसले सगळे. मीही थोडा हसलो. 

कोबीचे रोल संपले. ऊन उतरलं. निघताना एझेल आला आणि त्यानं माझ्यासाठी उजवं दार उघडलं. मी बसल्यावर म्हणाला, "आपटू नको. सोड नुसतं."

सोडलं. दार आपल्या वजनानं गेलं आणि लागलं. असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. मऊ, माझ्या दारापेक्षाही मऊ. चौदा वर्षं आम्ही दोघं एकाच वेळी दारं ढकलायचो आणि मी माझंच ऐकायचो.

वांडानं सीट पुढे ओढली, आरसा खाली केला. "दार लागलं का नीट? बघ जरा."

"लागलं," मी म्हटलं. बघितलं नाही.